छोट्या हत्तीचं टायमिंग: कॅम सरकवून ताकद वाढते का?

वडकी सोडून दिवे घाट चढायला लागलं की पुढे हमखास एखादा भरलेला छोटा हत्ती लागतो. सासवडकडे सिमेंट चाललेलं असतं. गाडीची क्षमता ७५० किलो, म्हणजे बरोबर १५ गोण्या. मागे मोजाव्यात तर २५ निघतात. पहिल्या वळणाला दुसरा गिअर, तिसऱ्या वळणाला पहिला, आणि इंजिनाचा आवाज असा की ऐकणाऱ्यालाच धाप लागावी. अशा गाड्यांचे चालक गॅरेजात येतात तेव्हा एक प्रश्न ठरलेला असतो: "टायमिंग जरा पुढं घेतलं तर ओढ वाढेल का?"

या प्रश्नाची उत्तरं पुण्यात सगळीकडे मिळतात. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत मिळतात, भोसरीच्या शेडमध्ये मिळतात आणि इंजिनं आखणाऱ्या अभियंत्यांकडेही मिळतात. मात्र ती एकमेकांशी जुळत नाहीत. कोण काय म्हणतं, कशाच्या आधारावर म्हणतं आणि कुठे अजून कुणालाच ठाम बोलता येत नाही, ते या लेखात क्रमाने मांडतो आहे.

पार्श्वभूमी

छोट्या मालवाहू गाडीशी या शहराचं नातं जुनं आहे. 'टेंपो' हा शब्द मराठीत सामान्यनाम झाला तो आकुर्डीच्या बजाज टेंपोमुळे. त्यांची तीनचाकी गाडी भाजी, फर्निचर, गणपती, सगळं वाहायची. पुढे त्याच कंपनीच्या ट्रॅक्स आणि ट्रॅव्हलर गाड्यांना मर्सिडीजच्या घराण्यातलं २.४ लिटरचं ओएम ६१६ हे डिझेल इंजिन मिळालं. टेल्कोची, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सची, ४०७ आली १९८६ साली. मे २००५ मध्ये टाटा एस बाजारात आली. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात घडलेल्या या गाडीला लोकांनी लगेच 'छोटा हत्ती' म्हणायला सुरुवात केली.

एसचं इंजिन समजून घेतलं की पुढचा वाद सोपा होतो. इंडिकाचं १४०५ सीसीचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन निम्मं करावं, तसं हे ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन. टर्बो नाही. डिझेल थेट सिलिंडरमध्ये न पडता आधी हेडमधल्या छोट्या कप्प्यात फवारलं जातं. ताकद १६ अश्वशक्ती, तीही मिनिटाला ३२०० फेऱ्यांना. तीनचाकी घेणाऱ्या माणसाला परवडेल अशी चारचाकी द्यायची, तर ही मर्यादा मान्य करावीच लागत होती. पण हातात मालगाडी आल्यावर माणूस आधी क्षमतेइतका माल भरतो आणि मग त्याहून जास्त. ताकद वाढवण्याचा प्रश्न या जास्तीच्या मालातून जन्माला आला आहे.

थोडं गणित इथेच करून ठेवू, कारण पुढे ते पुन्हा लागेल. गाडी आणि माल मिळून १५५० किलो, चढ शंभर मीटरला सहा मीटर, टायरचं घर्षण दीड टक्का आणि इंजिनाची ताकद चाकापर्यंत ८५ टक्के पोचते असं धरा. १६ अश्वशक्ती म्हणजे साधारण १२ किलोवॅट. एवढ्यात गाडी त्या चढावर ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते. वर दहा गोण्या चढवल्या, म्हणजे वजन २०५० किलो झालं, की हाच वेग २४ वर येतो. गिअरचे टप्पे मध्ये येत असल्याने प्रत्यक्षात आणखी खाली.

कॅम नेमकं काय करतो

सिलिंडरमध्ये हवा आत घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा असे दोन व्हॉल्व्ह असतात. ते कधी उघडायचे, किती उघडायचे आणि कधी मिटायचे हे कॅमशाफ्टवरचे उंचवटे ठरवतात. क्रँकच्या दोन फेऱ्या झाल्या की कॅमची एक होते. दोघांमधला हा ताळमेळ पट्टा, साखळी किंवा गिअर राखतो. ताळमेळ जुळला आहे की नाही हे पुलीवरच्या खुणांवरून कळतं.

पिस्टन तळाला पोचला की इनलेट व्हॉल्व्ह लगेच मिटेल असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. पिस्टन वर निघाल्यावरही तो काही अंश उघडाच राहतो, कारण वेगाने आत येणाऱ्या हवेला गती असते आणि ती आणखी थोडी आत घुसते. इंजिन जोरात फिरत असेल तर याचा फायदा होतो. इंजिन हळू फिरत असेल तर उलटंच घडतं आणि आत आलेली थोडी हवा पिस्टनच बाहेर ढकलतो. कॅम पुढे घेतला तर इनलेट लवकर मिटतो आणि कमी फेऱ्यांना जास्त हवा कोंडली जाते. मागे घेतला तर जास्त फेऱ्यांना फायदा होण्याची शक्यता असते. सगळ्या वादाचं मूळ एवढंच आहे. एकच कॅम असलेल्या इंजिनात मात्र इनलेट पुढे घेतला की एक्झॉस्टही तितकाच पुढे जातो. तो लवकर उघडतो, आणि पिस्टनला खाली रेटणारा दाब थोडा आधीच वाया जातो.

आता अंशांचा हिशेब. कॅमची पुली ४० दातांची असेल तर पट्टा एक दात सरकवणं म्हणजे कॅमचे ९ अंश आणि क्रँकचे १८ अंश. ज्या बदलाची चर्चा चालते तो २ ते ४ अंशांचा असतो. त्यामुळे 'एक दात पुढं' हा उपाय नसून चूक आहे. बारीक बदल करायचा तर पुलीची भोकं लांबट हवीत किंवा पुली कॅमवर पक्की धरणारी चावी सरकवलेली हवी.

शब्दांचा एक गोंधळही इथेच दूर करायला हवा. पुण्याच्या गॅरेजात डिझेल गाडीचं 'टायमिंग' म्हटलं की बहुतेक वेळा पंपाचं टायमिंग अभिप्रेत असतं, म्हणजे नोझलमधून डिझेल कोणत्या क्षणी फवारलं जातं ते. कॅमचं टायमिंग ही वेगळी गोष्ट आहे. ज्या इंजिनांत एकच पट्टा कॅम आणि पंप दोन्ही फिरवतो, तिथे पट्टा हलला की दोन्ही हलतात. मग ओढ वाढली तर ती कशामुळे, हे सांगता येत नाही. 'आम्ही टायमिंग पुढं घेतलं आणि गाडी उडायला लागली' अशा हकिगती मी अनेक ऐकल्या आहेत. खोलात विचारलं की त्यातल्या बऱ्याच पंपाच्या निघतात.

सरकवावं म्हणणाऱ्यांची बाजू

या बाजूचा पहिला मुद्दा असा की कारखान्याचं सेटिंग ही तडजोड असते. तीच गाडी राजस्थानच्या सपाटीवर धावणार, मुंबईच्या गर्दीत रांगणार आणि वरंध घाटही चढणार. कारखाना सगळ्यांना मिळून एक टायमिंग देतो. ज्याची गाडी वर्षभर घाटातच भरून चालते त्याने ते आपल्या कामापुरतं बदललं तर त्यात गैर काय? हा प्रश्न योग्य आहे.

दुसरा मुद्दा इतिहासाचा. अमेरिकेत १९४० च्या दशकापासून एड इस्केंदेरियनसारख्या कारागिरांनी कॅम घासून आणि सरकवून साध्या गाड्यांतून कितीतरी जास्त ताकद काढली. मोटारी बनवणाऱ्या कंपन्यांनीही पुढे तोच रस्ता धरला. आल्फा रोमिओने १९८० साली चालत्या इंजिनात कॅमचं टायमिंग बदलणारी यंत्रणा विकायच्या गाडीत बसवली आणि होंडाने १९८९ मध्ये त्याची पुढची पायरी गाठली. आज हे तंत्र छोट्या मालवाहू गाडीतही आलं आहे. मारुतीच्या सुपर कॅरीला २०२३ साली नवं १.२ लिटरचं पेट्रोल इंजिन मिळालं. त्यात इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही कॅमचं टायमिंग इंजिन स्वतः बदलतं. ताकद सुमारे ५४ किलोवॅटवरून ५९ वर गेली. इंजिनच नवं असल्याने सगळं श्रेय कॅमला देता येणार नाही. तरी टायमिंग बदलण्यात काही तथ्य असल्याशिवाय कंपनी त्यावर खर्च करणार नाही, हा युक्तिवाद मला पटतो.

तिसरा मुद्दा अनुभवाचा आहे. कॅम थोडा पुढे असला की थंडीत इंजिन लवकर सुरू होतं, पांढरा धूर कमी होतो आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये झटक्याशिवाय उचलते, असं या बाजूचे फिटर सांगतात. शास्त्रही याला दुजोरा देतं: इनलेट लवकर मिटला की कॉम्प्रेशन वाढतं.

सरकवू नये म्हणणाऱ्यांची बाजू

इंजिनं आखणाऱ्या लोकांशी बोललं की ते आधी पेट्रोल आणि डिझेल वेगळं करतात. अमेरिकन कारागिरांची किमया पेट्रोल इंजिनांवरची होती, आणि तीही सहा-सात हजार फेऱ्यांपर्यंत पळणाऱ्या. छोट्या हत्तीचं डिझेल इंजिन ३२०० फेऱ्यांतच संपतं. हवेच्या गतीचा खेळ एवढ्या कमी फेऱ्यांना फारसा रंगत नाही, त्यामुळे कॅम पुढे घ्या किंवा मागे, मिळण्यासारखं मुळातच थोडं असतं.

किती थोडं, ते भूमितीवरून काढता येतं. इनलेट व्हॉल्व्ह पिस्टन तळाला पोचल्यानंतर ४० अंशांनी मिटतो असं धरा. तेव्हा पिस्टन वरच्या प्रवासाचा सुमारे पावणेनऊ टक्के भाग चढून आलेला असतो. ४ अंश आधी, म्हणजे ३६ अंशांवर मिटवला तर सात टक्के चढलेला असतो. फरक पावणेदोन टक्क्यांचा. अगदी कमी फेऱ्यांनाही हवा वाढली तर एवढीच वाढेल, आणि धूर न काढता जाळता येणारं डिझेलही त्याच प्रमाणात. दिवे घाटातल्या आपल्या २४ किलोमीटरच्या वेगात याने अर्धा किलोमीटरही भर पडत नाही. २०५० किलोंतून ५० किलोंची एक गोणी उतरवली तर त्याहून जास्त फरक पडतो.

हे आकडे मांडल्यावर मला स्वतःला पुण्याच्या उंचीचं महत्त्व कळलं. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. इथली हवा मुंबईच्या मानाने पाचेक टक्के विरळ असते आणि महाबळेश्वरला ही तूट बारा टक्क्यांपलीकडे जाते. टर्बो नसलेल्या इंजिनाला घाट चढता चढता जे गमवावं लागतं, ते कॅम सरकवून मिळणाऱ्या फायद्याच्या कितीतरी पट आहे.

दुसरा आक्षेप धोक्याचा. अशा डिझेल इंजिनात कॉम्प्रेशन वीसपटीच्या वर असतं. पिस्टन माथ्यावर येतो तेव्हा तो आणि हेड यांच्यात एखाद्या मिलिमीटरचीच जागा उरते. व्हॉल्व्ह त्याहून जास्त उघडा राहिला तर पिस्टन त्याला धडकतो. पट्टा एक दात चुकवून बसवला आणि स्टार्टर मारला की व्हॉल्व्ह वाकण्याची भीती असते. मग हेड उतरवा, व्हॉल्व्ह बदला, गाइड तपासा, आणि गाडी आठवडाभर उभी. रोजच्या खेपेवर हप्ता फेडणाऱ्या माणसाला हा आठवडा फार महाग पडतो.

जागेवर आणा म्हणणारे

तिसरी बाजू कमी बोलली जाते. माझ्या मते ती सगळ्यांत वजनदार आहे. अनुभवी फिटरांचं म्हणणं असं: कॅम सरकवायचा की नाही हे नंतर बघू, आधी तो कारखान्याने ठेवला होता तिथे आहे का ते बघा. जुन्या गाडीत तो बहुधा तिथे नसतो.

याची कारणं अनेक आहेत. साखळी वर्षानुवर्षं ताणत जाते आणि कॅम मागे पडतो. हेड गरम होऊन वाकलं की ते लेथवर फेसिंगला जातं. पाव मिलिमीटर पत्रा निघाला की क्रँक आणि कॅममधलं अंतर तेवढंच घटतं. पुलीची त्रिज्या ५ सेंटिमीटर धरली तर क्रँकच्या हिशेबात टायमिंग अर्ध्या अंशाहून थोडं जास्त मागे जातं. दोनदा-तीनदा फेसिंग झालेल्या हेडचं काय होत असेल याचा अंदाज करता येईल. टॅपेटचा गॅप वाढला की व्हॉल्व्ह उशिरा उघडतो आणि लवकर मिटतो, म्हणजे कॅमला हात न लावताही टायमिंग बदललेलं असतं.

कारखान्यालाही हे ठाऊक असतं. मर्सिडीजच्या ज्या घराण्यातलं ओएम ६१६ आहे, त्या इंजिनांसाठी कॅमच्या गिअरमध्ये बसवायची सरकवलेली चावी वेगवेगळ्या अंशांत मिळत आली आहे. साखळी जितकी ताणली असेल तितक्या अंशांची चावी घालायची आणि कॅम मूळ जागी आणायचा. थोडक्यात, कॅम हलवण्याचं साधन खुद्द कंपनीकडूनच येतं, मात्र हेतू वेगळा असतो.

भोसरीच्या एका शेडमध्ये मी हे काम तासभर उभा राहून पाहिलं. फिटरने झाकण काढलं आणि पहिल्या सिलिंडरच्या इनलेट व्हॉल्व्हच्या टोपीवर डायल गेजचा पाय टेकवला. काटा शून्यावर आणला. मग पान्याने क्रँक फिरवायला लागला. इतक्या हळू, की साखळीच्या कड्या एकेक करून गिअरवर चढताना दिसत होत्या. काटा २ मिलिमीटरवर आला तसा तो थांबला. वाकून पुढच्या पुलीवरचे अंश वाचले आणि खिशातल्या खडूने फरशीवर आकडा लिहिला. पुन्हा उलटं फिरवलं नाही. दोन पूर्ण फेऱ्या देऊन तेच माप दुसऱ्यांदा घेतलं, कारण उलटं फिरवलं की साखळीचा ढिलेपणा मापात शिरतो. दोन्ही आकडे जुळल्यावरच त्याने मालकाला हाक मारली: "साहेब, कॅम मागं आहे. पंपाला हात लावू नका."

पंपाला हात लावू नका, हे का सांगावं लागतं? ओढ कमी झाली की सर्वांत सोपा उपाय म्हणजे पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवणं. ताकद लगेच जाणवते, पण हवा तेवढीच असल्याने जादा डिझेल काळा धूर होऊन बाहेर पडतं. ॲव्हरेज घसरतं, नोझल आणि पिस्टन तापतात, आणि मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याच्या छातीत तो धूर जातो. पीयूसीसाठी धुराची मर्यादा बीएस ४ च्या आधीच्या डिझेल गाड्यांना ६५ एचएसयू (धुराच्या दाटपणाचं एकक) आणि बीएस ४ गाड्यांना ५० आहे. कॅमचं टायमिंग योग्य केल्याने ही मर्यादा ओलांडली जात नाही. पंप वाढवल्याने ती सहज ओलांडली जाते.

कायदा आणि नवी इंजिनं

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणी पुस्तकातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ ठळक केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ताणलेल्या साखळीमुळे मागे गेलेला कॅम जागेवर आणणं ही दुरुस्तीच, यात शंका नाही. दोन अंश मुद्दाम पुढे नेणं बदल ठरतं का, हा प्रश्न मात्र मोकळा आहे. कलमाचा रोख तपशिलावर आहे, सेटिंगचं नाव त्यात नाही.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ गाड्यांत हा वाद जवळजवळ संपल्यात जमा आहे. क्रँक आणि कॅम दोघांवर सेन्सर असतात. त्यांचा ताळमेळ ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की संगणक चूक नोंदवतो आणि डॅशवर दिवा लागतो. डिझेलची वेळ आणि प्रमाण तोच संगणक ठरवतो. दरम्यान एसही बदलली: ६९४ सीसीचं पेट्रोल इंजिन ३० अश्वशक्ती देतं, म्हणजे पहिल्या डिझेलच्या जवळजवळ दुप्पट. २०२२ साली आलेल्या विजेवरच्या एसमध्ये तर कॅमच नाही.

काय ठरायचं बाकी आहे

जुन्या यांत्रिक पंपाच्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत, तोवर प्रश्न जिवंत आहे. त्यात तीन गोष्टी अनिर्णित दिसतात.

सर्वांत मोठी उणीव मोजमापाची. सरकवणारा म्हणतो ओढ वाढली, न सरकवणारा म्हणतो भास आहे. दोघांकडेही त्याच इंजिनाचं आधीचं आणि नंतरचं डायनोवरचं, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावरचं, माप नसतं. वरची भूमिती वाढीची कमाल मर्यादा सांगते. घाटात प्रत्यक्ष काय मिळतं, ते ती सांगत नाही. तापलेलं इंजिन, अर्धवट बुजलेला एअर फिल्टर, वीस वर्षांची नोझलं अशा खऱ्या परिस्थितीत काय होतं हे मोजल्याशिवाय कळणार नाही.

दुसरी गोष्ट सीएनजीची. वायू सिलिंडरमध्ये हवेची जागा व्यापतो, म्हणून तिथे ताकद आधीच घटलेली असते, आणि हवा कोंडण्यातला प्रत्येक टक्का डिझेलपेक्षा मोलाचा ठरू शकतो. सीएनजीवर उतरवलेल्या पेट्रोल इंजिनात स्पार्कचं टायमिंग पुढे घेणं सर्वमान्य आहे. कॅमही हलवावा का, यावर मतं विभागलेली आहेत, आणि ती तशी असण्याला आधार आहे.

तिसरी गोष्ट टिकाऊपणाची. कॅम पुढे ठेवून एक लाख किलोमीटर चाललेल्या इंजिनाचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्यांच्या सीट कशा दिसतात, याची पद्धतशीर नोंद कुणीतरी ठेवायला हवी.

हे करायला पुण्याइतकं योग्य शहर दुसरं नाही. वेताळ टेकडीच्या कुशीत १९६६ पासूनची एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था आहे, भोसरीला रस्ते वाहतुकीवर काम करणारी सीआयआरटी आहे, आणि इंजिनाची प्रयोगशाळा असलेली अभियांत्रिकी महाविद्यालयं जागोजागी आहेत. दरवर्षी शेकडो विद्यार्थी प्रकल्पासाठी विषय शोधत असतात. त्यांच्या मार्गदर्शकांना माझी विनंती आहे. एक जुनं दोन सिलिंडरचं इंजिन भंगारातून आणा, नीट बांधा, कॅम शून्यावर, दोन अंश आणि चार अंश पुढे ठेवून डायनोवर चालवा, आणि टॉर्क, धूर व डिझेलचे आकडे मराठीत छापून नाना पेठेपासून भोसरीपर्यंतच्या गॅरेजांत वाटा. तोवर चालकांनी एवढं करावं: एअर फिल्टर, टॅपेट आणि नोझल तपासून घ्यावं, डायल गेज लावून कॅम जागेवर आहे याची खात्री करावी, आणि घाटात जाताना गोण्या मोजून भराव्यात.